मित्राला कन्सोल गेम सुचवताना आणि गेमची तुलना करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एखादा भारी गेम सांग ना," असं मित्र म्हणाला तर आधी काय विचारावं?

चार गोष्टी. कन्सोल नेमका कोणता, एका बैठकीत किती वेळ मिळतो, एकटा खेळणार की कुणासोबत, आणि शेवटचा अर्धवट सोडलेला गेम कोणता. पहिल्या तीन बहुतेक जण विचारतात. चौथी राहून जाते आणि गफलत तिथेच होते. आवडते गेम विचारले तर तीच ती गाजलेली नावं ऐकू येतात. सोडलेला गेम मात्र ज्याचा त्याचा असतो, आणि माणसाला काय झेपत नाही किंवा कशाचा कंटाळा येतो ते त्यावरून लगेच कळतं.

कन्सोलबद्दल "प्लेस्टेशन आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. ४ की ५, डिस्क ड्राइव्ह आहे की नाही, एक्सबॉक्स सिरीज एक्स की एस, स्विच की स्विच २, हे सगळं लागतं. प्लेस्टेशन ४ च्या जवळपास सगळ्या डिस्क ५ वर चालतात, पण ५ ची डिस्क ४ वर अजिबात चालत नाही. सिरीज एसला डिस्क ड्राइव्हच नाही, त्यामुळे "माझी डिस्क घेऊन जा" हे सांगण्यात अर्थ नसतो.

सोडलेल्या गेमवरून नेमकं काय ओळखायचं?

गेमचं नाव विचारून थांबू नका, तो कुठे सोडला ते विचारा. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) पुष्कळ जण पहिल्याच अध्यायात सोडतात. तिथे पहिले दोन-तीन तास बर्फात, हळूहळू घोडा हाकत, बोलणी ऐकत जातात. ज्याने तिथे सोडला त्याला संथपणा नको आहे. त्याला 'द विचर ३' किंवा 'पर्सोना ५ रॉयल' सुचवलात तर तोही तसाच पडून राहील. 'पर्सोना ५'मध्ये तर सुरुवातीचे कित्येक तास गेम तुमचा हात धरून चालवतो, मोकळं सोडतच नाही.

'एल्डन रिंग' (२०२२) सोडणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक जण सुरुवातीलाच उघड्या मैदानात फिरणाऱ्या घोडेस्वाराशी, ट्री सेंटिनलशी, भिडतो, वीस वेळा मरतो आणि वैतागून बंद करतो. त्या घोडेस्वाराला वळसा घालून पुढे जायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणजे अडचण गेमची नाही, माहितीची आहे, आणि एका वाक्याने सुटते. दुसरा मार्गिट नावाच्या पहिल्या मोठ्या बॉसपर्यंत (बलाढ्य शत्रूपर्यंत) पोचतो, लढाई त्याला कळलेली असते, पण एकच बॉस तासन् तास लढण्यात त्याला मजा येत नाही. त्याला त्या जातीचा दुसरा गेम देऊ नका. 'सेकिरो' (२०१९) तर मुळीच नको, कारण त्यात अवघडपणा कमी करायची सोय नाही आणि मदतीला मित्रही बोलावता येत नाही.

कुणी म्हणालं, "पन्नास तास खेळलो, मग सुटला," तर तो नापसंतीचा पुरावा नाही. लांबलचक गेम असाच सुटतो. अशा माणसाला त्याच जातीचा पण छोटा गेम सुचवावा.

दोन गेमची तुलना करताना कोणती बाजू बघावी? दोन्ही ओपन वर्ल्ड आहेत म्हणजे सारखेच ना?

ओपन वर्ल्ड म्हणजे नकाशा मोठा आहे, एवढंच. तुलना करायची तर मधला कुठलाही अर्धा तास डोळ्यांसमोर आणा आणि त्यात हात आणि डोकं कशात गुंतलेलं असतं ते बघा.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मधला अर्धा तास असा जातो: लांब एक मनोरा दिसतो, तुम्ही कडा चढायला लागता, अर्ध्यात पाऊस येतो आणि हात घसरायला लागतात. दम संपायच्या आत एखादा सपाट टप्पा गाठायचा, पाऊस थांबायची वाट बघायची, नाहीतर दुसरीकडून चढायचं. खाली उतरल्यावर तीन शत्रू, त्यांच्याशी लढताना तलवार मोडते, मग त्यांच्याच हातातली गदा उचलायची. कथा यात नावापुरती. सुरुवातीच्या पठारावरची चार देवळं झाली आणि पॅराग्लायडर मिळाला की थेट शेवटच्या शत्रूकडे जायचीही मुभा असते.

'द विचर ३' (२०१५) मधला अर्धा तास बहुतेक संवादात जातो. गावकरी तक्रार सांगतो, तुम्ही माग काढता, लढाई पाच मिनिटांत आटपते, आणि शेवटी निर्णय घ्यावा लागतो ज्याचे परिणाम बऱ्याच पुढे दिसतात. इथली लढाई कुणी फारशी नावाजत नाही. पण वाचायला, ऐकायला आवडणाऱ्याला याच्यापुढे दुसरं काही गोड लागत नाही.

'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) या दोन्हींच्या मध्ये आहे. टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि जायच्या दिशेला वाहतो. पडद्यावर बाण नाही, कोपऱ्यात नकाशा नाही. कथा सरळ, लढाई चोख, पण यादीतली कामं एकामागून एक उरकल्यासारखी वाटतात.

तिन्ही ओपन वर्ल्ड, तिन्ही उत्तम. पण एकाचा भक्त दुसऱ्याने कंटाळू शकतो. म्हणून "हा त्याच्यासारखाच आहे" म्हणताना नेमकं कशात सारखा, तेही सांगा.

आणखी दोन प्रश्न तुलनेत कामी येतात. हरल्यावर किती मागे जावं लागतं? आणि पुढे काय करायचं हे गेम सांगतो की तुम्ही शोधायचं? या दोन उत्तरांवरच मित्र महिनाभराने धन्यवाद देणार की विषय टाळणार हे ठरतं.

मेटाक्रिटिकचे गुण किती मनावर घ्यायचे?

गाळणी म्हणून वापरा, निकाल म्हणून नको. मेटाक्रिटिक या साइटवरचा आकडा समीक्षकांच्या गुणांची सरासरी असतो, पण सगळ्यांना सारखं वजन नसतं. ७५ आणि त्यावर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. ९४ आणि ९१ मधल्या फरकाला काहीही अर्थ नाही. मित्राच्या आवडीचा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

दोन खाचखळगे आहेत. समीक्षकाने पहिल्यांदा दिलेलाच आकडा तिथे राहतो, त्यामुळे नंतर सुधारलेला गेम गुणांत सुधारलेला दिसत नाही. दुसरं, गुण प्रत्येक कन्सोलचे वेगळे असतात. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा सुरुवातीची परीक्षणं संगणकावरची होती, कन्सोलची आवृत्ती समीक्षकांना आधी दिलीच नव्हती. जुन्या कन्सोलवर तो इतका खराब चालत होता की सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला आणि तो जून २०२१ मध्येच परत आला. आज प्लेस्टेशन ५ वर २.० अपडेटनंतरचा 'सायबरपंक' निःशंकपणे सुचवावा असा आहे. पण ते अपडेट प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनला मिळालेलं नाही. जुना कन्सोल असलेल्या मित्राला हे न सांगता नाव सुचवणं म्हणजे त्याची फसगत.

खेळाडूंनी दिलेले गुण वाचायचे तर आकडा सोडा, मजकूर वाचा. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' (२०२०) आला त्या दिवशी, गेम पुरा खेळून होणं शक्य नसताना, शून्य गुणांचा पाऊस पडला होता. त्यानंतर मेटाक्रिटिकने नव्या गेमला खेळाडूंनी गुण देण्याआधी ३६ तास थांबायचा नियम केला.

"किती तासांचा आहे?" याचं उत्तर कसं द्यावं?

दोन आकडे द्या: एकूण तास, आणि एका बैठकीला लागणारा किमान वेळ. एकूण तासांसाठी हाउ लाँग टू बीट ही साइट पुरते. तिथे मुख्य कथा, कथा अधिक इतर कामं, आणि सगळंच्या सगळं, असे तीन आकडे असतात. बहुतेकांचा अनुभव मधल्या आकड्याजवळ जातो. 'सेलेस्ट' आठ-दहा तासांत होतो, 'इट टेक्स टू' पंधराच्या आसपास, 'द विचर ३'ची नुसती मुख्य कथा पन्नासच्या आसपास, आणि 'पर्सोना ५ रॉयल' शंभरी ओलांडतो.

बैठकीचा वेळ मात्र कुठल्याच खोक्यावर लिहिलेला नसतो. 'हेडीस'ची एक पूर्ण फेरी अर्ध्या-पाऊण तासाची, आणि दोन दालनांच्या मध्ये गेम बंद केला तरी चालतं. 'पर्सोना'त अंधारकोठडीत शिरलात की सेव्ह ठराविक खोल्यांमध्येच होतो. घरात लहान मूल असेल, मध्येच उठावं लागत असेल, तर हा फरक एकूण तासांपेक्षा मोठा ठरतो. कन्सोल झोपवून ठेवला तर गेम आहे तिथेच थांबतो हे खरं. पण वीज गेली, किंवा दुसऱ्या कुणी मध्येच दुसरा गेम लावला, तर तो सेव्ह नव्हता हे तेव्हा कळतं.

एकाच टीव्हीपुढे दोघांनी बसून खेळायला काय सुचवावं? त्यातला एक जण कधीच खेळलेला नाही.

आधी कधीही न खेळलेल्या माणसाचं घोडं अडतं ते कंट्रोलरच्या दोन काड्यांवर. डाव्या काडीने चालायचं आणि उजवीने कॅमेरा फिरवायचा, हे दोन्ही एकाच वेळी. जाणत्या खेळाडूला याचा विसर पडलेला असतो. नवखा माणूस आकाशाकडे किंवा जमिनीकडे बघत भिंतीला धडका देत राहतो आणि दहा मिनिटांत "मला नाही जमत" म्हणतो.

म्हणून पहिला गेम असा निवडा ज्यात कॅमेरा सांभाळावा लागत नाही. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये एका कन्सोलवर चौघे खेळू शकतात, शिवाय गाडी रस्त्यावर ठेवणारं स्मार्ट स्टिअरिंग आणि आपोआप वेग घेण्याची सोय आहे. दोन्ही नवख्यापुरती चालू ठेवता येतात. 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' (२०२३) मध्ये नवख्याला योशी किंवा नॅबिट द्या, शत्रूचा धक्का लागला तरी त्यांना इजा होत नाही. 'ओव्हरकुक्ड: ऑल यू कॅन ईट'मध्ये मदतीचा मोड आहे, तो चालू न करता नवख्याला बसवलंत तर भांडणाची जबाबदारी तुमची.

'इट टेक्स टू' (२०२१) सर्रास "जोडीने खेळायला बेस्ट" म्हणून सुचवला जातो. तो आहेच बेस्ट, आणि तो एकट्याने खेळताच येत नाही. पण त्यात दोन्ही काड्या लागतात, उड्यांचा अंदाज लागतो, आणि प्रत्येक टप्प्यावर नवं हत्यार हातात येतं. नवख्यासाठी तो दुसरा किंवा तिसरा गेम असावा.

दोघं वेगवेगळ्या घरी आहोत. "को-ऑप" लिहिलंय म्हणजे ऑनलाइन चालेलच ना?

नाही. को-ऑप, म्हणजे मिळून खेळणं, लोकल (एकाच टीव्हीपुढे) असू शकतो, ऑनलाइन असू शकतो, दोन्ही असू शकतो, किंवा नावापुरता असू शकतो. तीन गोष्टी तपासा.

क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कन्सोलवरून एकत्र खेळणं, आहे का? 'फोर्टनाइट', 'रॉकेट लीग', 'माइनक्राफ्ट', 'स्ट्रीट फायटर ६' यांत प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला एकत्र येऊ शकतात. 'स्टारड्यू व्हॅली'त येत नाहीत. 'इट टेक्स टू'मध्ये एकाने विकत घेतला की दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट खेळतो, पण दोघांचे कन्सोल एकाच कंपनीचे हवेत. त्याच चमूच्या 'स्प्लिट फिक्शन'मध्ये (२०२५) ही अट काढून टाकली आहे.

प्रगती कुणाच्या खात्यात जमा होते? 'स्टारड्यू'त शेत यजमानाच्या सेव्हमध्ये असतं. यजमान ऑनलाइन नसेल तर पाहुण्याला स्वतःच्या पिकाला पाणीही घालता येत नाही. 'एल्डन रिंग'मध्ये मित्राच्या जगात बॉस मारला तरी तुमच्या जगात तो जिवंतच राहतो.

आणि सुरुवातीपासून एकत्र खेळता येतं का? 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड'मध्ये कथेच्या मोहिमेत आधी प्रत्येकाने आपापलं चित्रदृश्य एकट्याने बघायचं, मग बाहेर पडून एकाने दुसऱ्याला जोडायचं. पहिल्या रात्री अर्धा वेळ यातच जातो आणि कुणालाच कळत नाही की आपलं काय चुकतंय. काही चुकत नसतं, गेमच तसा आहे.

याशिवाय कन्सोलवर ऑनलाइन खेळायला सहसा सदस्यत्व लागतं. 'फोर्टनाइट'सारख्या मुळातच फुकट असलेल्या गेमना प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर ते लागत नाही.

'एल्डन रिंग'मध्ये मित्राला बोलवायचं कसं? खुणा दिसतच नाहीत.

हा प्रश्न इतका येतो की पायऱ्या सविस्तर देत आहोत. बोलावणारा तो यजमान, येणारा तो पाहुणा. पाहुणा जमिनीवर खूण करतो आणि यजमान त्या खुणेवरून त्याला आपल्या जगात बोलावतो.

१. कन्सोल जुळतात का बघा. प्लेस्टेशन ४ आणि ५ एकमेकांत चालतात, एक्सबॉक्स वन आणि सिरीज एकमेकांत चालतात. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स मात्र नाहीत.

२. दोघांनीही मल्टिप्लेअरच्या मेनूतल्या सेटिंगमध्ये जाऊन एकच पासवर्ड टाका. पासवर्ड जुळला की पातळीतला फरक आड येत नाही. ताकदवान पाहुण्याची ताकद यजमानाच्या मानाने खाली आणली जाते.

३. पाहुण्याने टार्निश्ड्स फर्ल्ड फिंगर वापरून जमिनीवर सोनेरी खूण करायची. ही वस्तू गेमच्या अगदी सुरुवातीलाच उचलायला ठेवलेली असते. घाईत ती मागे राहते.

४. यजमानाने फर्लकॉलिंग फिंगर रेमेडी वापरायची. बहुतेक जण इथेच अडकतात: ही वस्तू वापरल्याशिवाय यजमानाला एकही खूण दिसत नाही. संपली तर एर्डलीफ फ्लॉवरपासून बनवता येते. त्यासाठी क्राफ्टिंग किट हवं, ते चर्च ऑफ एलेहमधला व्यापारी ३०० रून्सना (हे गेममधलं चलन) देतो.

५. दोघांनी एकाच जागी, एखाद्या ग्रेसजवळ (गेममधल्या विसाव्याच्या जागेजवळ), उभं राहा. खूण दिसायला अर्धा-एक मिनिट लागू शकतो. सोनेरी खुणेवर जाऊन बोलवा.

एकत्र असताना घोड्यावर बसता येत नाही, स्पिरिट ॲशेस (मदतीला लढणारे आत्मे) बोलावता येत नाहीत, आणि पाहुण्याच्या फ्लास्कची (औषधाच्या कुप्यांची) संख्या निम्मी होते. यजमान मेला किंवा त्या भागाचा बॉस पडला की पाहुणा घरी परततो. पुढच्यासाठी पुन्हा खूण, पुन्हा रेमेडी. "सबंध गेम आपण दोघं मिळून खेळू" असं ठरवून घेणाऱ्यांचा हिरमोड होतो तो यामुळे. पूर्ण गेम सोबतीनेच खेळायचा असेल तर 'बाल्डर्स गेट ३' बघा.

एकच गेम तीन कन्सोलवर आहे. कोणता घ्यायला सांगू?

मित्रमंडळी जिथे आहेत तिथला. एकत्र खेळायचं नसेल तरच पुढचा विचार करा.

'बाल्डर्स गेट ३' हे चांगलं उदाहरण आहे. सिरीज एसवर पडदा दुभंगून दोघांनी खेळायची सोय काही केल्या बसेना, म्हणून एक्सबॉक्सची आवृत्तीच लांबली. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये ती सोय वगळून गेम आला, आणि सिरीज एसला ती २०२५ च्या अपडेटमध्ये मिळाली. असे बारकावे मोठ्या अक्षरात कुठेच छापत नाहीत.

स्विचवरचा 'द विचर ३' हातात धरून खेळताना ५४० ओळींवर चालतो, टीव्हीला जोडल्यावर ७२०. प्रवासात खेळणाऱ्यासाठी हा चमत्कार आहे, मोठ्या टीव्हीवर बघणाऱ्यासाठी धूसर चित्र आहे. गेम एकच, सल्ला दोन.

क्वालिटी मोड की परफॉर्मन्स मोड?

परफॉर्मन्स. क्वालिटीत चित्र जास्त देखणं पण सहसा सेकंदाला ३०, परफॉर्मन्समध्ये जरा साधं पण ६०. सेकंदाला ३० चित्रांवर प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० वर १६.७. कॅमेरा फिरवताना आणि वार चुकवताना हा फरक हाताला जाणवतो. पानांवरची जास्तीची चमक दोन तासांनी दिसेनाशी होते. संथ, बघत बघत खेळायच्या गेममध्ये क्वालिटी चालेल. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल आणि गेममध्ये ४० चा पर्याय असेल तर तो जरूर लावून बघा: २५ मिलिसेकंद, म्हणजे वेळेच्या हिशोबात ३० आणि ६० च्या बरोबर मध्ये.

पण या सगळ्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना ते बघा. तो बंद असेल तर चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो, आणि बटण दाबल्यावर उडी मागाहून पडते. "या गेमचे कंट्रोल जड आहेत" अशा कित्येक तक्रारींचं मूळ गेममध्ये नसून इथे असतं.

डिस्क मित्राला दिली तर माझी प्रगती जाते का?

जात नाही. सेव्ह कन्सोलमध्ये असतो, डिस्कवर किंवा स्विचच्या कार्डवर नाही. डिस्क परत आली की तिथूनच पुढे खेळा. पण गेम पूर्ण इन्स्टॉल केलेला असला तरी डिस्क आत असल्याशिवाय चालू होत नाही, त्यामुळे एका डिस्कवर दोघांना एकदम खेळता येणार नाही. प्लेस्टेशन ४ च्या डिस्कवरून ५ ची आवृत्ती घेतली असेल तर तिलाही तीच डिस्क लागते. ती देऊन टाकलीत की दोन्ही बंद.

जोडकथा (डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडायचा वाढीव भाग) विकत घ्यायची तर डिस्क ज्या विभागाची, खातंही त्याच विभागाचं हवं. नाहीतर पैसे जातात आणि जोडकथा गेमला दिसत नाही. सेकंडहँड डिस्क घेणाऱ्यांची हमखास फजिती इथे होते.

स्विच २ ची काही कार्डं गेम-की कार्ड असतात: कार्डात गेम नसतोच, तो उतरवून घ्यावा लागतो आणि खेळताना कार्डही लागतं. उसनं देता येतं, पण घेणाऱ्याकडे जागा आणि इंटरनेट हवं. डिजिटल गेम असतील तर निन्टेन्डोच्या व्हर्च्युअल गेम कार्डमधून कुटुंब गटातल्या सदस्याला दोन आठवडे देता येतात, मुदत संपली की आपोआप परत. पासवर्ड देऊन "माझ्या खात्यातून खेळ" हा मार्ग धरू नका. खातं बंद पडलं तर एका गेमसोबत सगळेच जातात.

जागा नाही म्हणतो. काय सांगू?

सिरीज एसच्या ५१२ जीबीपैकी हाताशी साधारण ३६४ येतात, सुरुवातीच्या प्लेस्टेशन ५ च्या ८२५ पैकी ६६७. शंभर जीबीच्या वरचे दोन-तीन गेम बसवले की विषय संपतो. प्लेस्टेशन ५ चे गेम बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतात पण तिथून खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे मात्र तिथूनच चालतात, म्हणून आधी ते बाहेर हलवा. स्विच २ ला फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड चालतं, जुन्या स्विचचं कार्ड गेम साठवायला उपयोगाचं नाही.

मालिकेतला तिसरा भाग थेट सुचवला तर चालतो का?

मालिकेवर अवलंबून आहे. 'द विचर ३' थेट चालतो. 'फायनल फँटसी'चे आकडे बहुतेक स्वतंत्र कथांचे आहेत, पण 'फायनल फँटसी ७ रीमेक' (२०२०) हा एका कथेचा पहिलाच भाग आहे आणि 'रीबर्थ' (२०२४) दुसरा. हे न सांगता दिलात तर शेवटी शिव्या तुम्हाला पडतील. 'रेड डेड २' पहिल्याच्या आधीची कथा सांगतो, त्यामुळे आधी खेळला तरी चालतो. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक', 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आणि 'मास इफेक्ट'चे पुढचे भाग मात्र आधीचे न खेळता देऊ नका.

नाव सांगताना सालही सांगा. 'गॉड ऑफ वॉर' २००५ चा आहे आणि २०१८ चाही. 'रेसिडेंट ईव्हिल ४' २००५ आणि २०२३. 'प्रे' २००६ आणि २०१७, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. सगळ्यात वाईट जोडी 'आउटर वाइल्ड्स' आणि 'द आउटर वर्ल्ड्स'ची: दोन्ही २०१९ चे, दोन्ही अवकाशातले, पण एकात हत्यारच नाही आणि दुसऱ्यात बंदुका आणि संवाद.

अवघड गेम सुचवावा का?

अवघडपणा कोणत्या जातीचा ते सांगून सुचवावा. 'सेलेस्ट' (२०१८) पराकोटीचा अवघड आहे, पण मेलात तर त्याच पडद्यावर क्षणात परत, आणि असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग निम्म्यापर्यंत खाली आणता येतो. 'हेडीस'मधला गॉड मोड सुरुवातीला २० टक्के मार कमी करतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी २, अशी ८० पर्यंत सूट वाढते. हे मोड वापरण्यात कमीपणा नाही आणि मित्राने वापरले म्हणून त्याला चिडवायचंही नाही. चिडवलं की तो पुन्हा सल्ला मागत नाही.

खोक्यावरचं वय अवघडपणा सांगत नाही, हेही लक्षात असू द्या. पेगी या युरोपीय वयोगट-मानांकनाचे ३, ७, १२, १६, १८ हे आकडे आशयाबद्दल असतात. 'कपहेड'वर ७ आहे आणि मोठी माणसंसुद्धा त्यापुढे हात टेकतात.

चक्कर येते, मळमळतं, म्हणून गेम सोडले जातात.

स्वतःच्या डोळ्यांतून बघायचे गेम टाळा. खेळायचाच असेल तर मोशन ब्लर आणि कॅमेऱ्याचं हलणं बंद करा, दृष्टीची रुंदी वाढवता येत असेल तर वाढवा, खोलीत दिवा लावा, टीव्हीपासून लांब बसा. मळमळायला लागल्यावर रेटून खेळू नये.

कथा न फोडता गेमची तारीफ कशी करायची?

पहिल्या तासात जे दिसतं तेवढंच सांगा. "शेवट भन्नाट आहे" हेसुद्धा सांगू नका, कारण मग माणूस सगळा वेळ शेवटाची वाट बघत राहतो. 'आउटर वाइल्ड्स'सारख्या गेममध्ये मिळालेली माहिती हीच प्रगती असते. तिथे एका वाक्याने मित्राचे कित्येक तास वाया जातात. त्याबद्दल "मोकळा वेळ असताना खेळ आणि काही वाचू नकोस" एवढं पुरे.

नमुना हवा असेल तर असा: "अरे, हेडीस घे. तुझ्या स्विचवर आहे. एक फेरी अर्ध्या-पाऊण तासाची, त्यामुळे रात्री उशिरा बसलास तरी होईल. सारखा मरशील, पण मेल्यावरच गोष्ट पुढे सरकते, म्हणून वैताग येत नाही. तू एल्डन रिंग मार्गिटपाशी सोडलास ना, तसं इथे होणार नाही. फारच झालं तर सेटिंगमधून गॉड मोड लाव. तीन फेऱ्या खेळून बघ, नाही जमलं तर सोड." यात कन्सोल आहे, वेळ आहे, सोडलेल्या गेमचा धागा आहे, आणि सुटायची वाटही आहे.

सुचवलेला गेम सदस्यत्वात फुकट असेल तर?

आधी तेच तपासा. पण तीन गोष्टी सांगून ठेवा. सदस्यत्वाच्या यादीतले गेम काही काळाने निघून जातात, त्यामुळे शंभर तासांचा गेम तिथून सुरू करताना तो जायची तारीख बघावी. प्लेस्टेशन प्लसचे दर महिन्याचे गेम स्वतःच्या लायब्ररीत टाकले तरी सदस्यत्व संपलं की उघडत नाहीत. आणि यादीतल्या गेमची जोडकथा पैसे देऊन घेतली असेल तर मूळ गेम गेल्यावर ती नुसतीच पडून राहते.

घेतला आणि आवडला नाही, तर पैसे परत मिळतात का?

डिजिटल असेल तर फारशी आशा धरू नका. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवसांत मागणी करता येते, पण गेम उतरवायला सुरुवात केली की हक्क गेला, आणि कन्सोलवर आपोआप डाउनलोड चालू असेल तर तो खरेदीनंतर लगेच उतरायला लागतो. खात्री नसेल तर ती सेटिंग आधी बंद करावी. त्याहून बरं म्हणजे डेमो शोधावा. काही डेमोंमधली प्रगती पूर्ण गेममध्ये जाते: 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस'चा डेमो जवळपास दहा तास चालतो आणि सेव्ह पुढे नेता येतो. डेमो नसेल आणि मित्राकडे डिस्क असेल तर दोन रात्रींसाठी ती मागून घ्या.